शशीताईंचे निरोप

शशीताई आवारींचा आवाज मी बहुतेक वेळा पाठीमागूनच ऐकला. त्या समोरून येऊन कधी बोलायच्या नाहीत. मी वह्या तपासत बसलेली असायची, नाहीतर नळावर हात धूत असायची आणि मागून हलकेच शब्द यायचे, "मॅडम, अजून जेवल्या नाही तुम्ही." वळून पाहावं तर त्या हाताच्या अंतरावर उभ्या. वसतिगृहात त्या अनवाणी चालायच्या. दोन वर्षांत त्यांच्या पावलांचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही.

मुकुटबनहून थोडं आत, कपाशीच्या शेतांमध्ये आमची मुलींची निवासी शाळा होती. पाचवी ते दहावी, दीडशेच्या आसपास मुली. मी बी.एड. करून तिथे विज्ञान आणि गणित शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. घर वणीला, अब्बांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. घराबाहेर राहण्याची पहिलीच वेळ. शशीताई वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती.

पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, सडपातळ बाई. साड्या सगळ्या फिक्या रंगांच्या, जणू एकच साडी कमी-जास्त वेळा धुतलीय. चेहरा लहान आणि स्वच्छ. कुणी बोलायला लागलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना झोप येते. मग लक्षात आलं, त्या ऐकत असतात. महिन्यातून एका रविवारी पालक भेटायला यायचे. कुणाचे आईवडील डबा उघडून पोरीला भरवत असायचे, कुणी भांडत असायचे, कुणी रडत. शशीताई व्हरांड्याच्या पायरीवर डोळे मिटून बसलेल्या असायच्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या दीडशे घरांत काय चाललंय ते सगळं त्यांच्या डोक्यात जमा झालेलं असायचं. कुणाच्या आजीचा गुडघा, कुणाच्या भावाचा पडलेला दात, कुणाच्या घरी कोणती भांडी नवीन आली. कुठे लिहून ठेवायच्या नाहीत. विसरायच्याही नाहीत.

शाळेचा फोन त्यांच्या खोलीत असायचा. तेव्हा मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळायची आणि मुलींना मोबाईल ठेवायची परवानगी नव्हती. त्यामुळे घरचे फोन शशीताई घ्यायच्या, दार लावून बोलायच्या, आणि निरोप मुलींना संध्याकाळी मिळायचा.

निरोप द्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. शाळा सुटली, हातपाय धुऊन झाले की रोज पंधरा-वीस मुली व्हरांड्यात रांगेने बसायच्या. शशीताई पायरीवर बसून एकेकीची वेणी घालायच्या. खोबरेल तेलाची वाटी, लाकडी फणी. भांग असा काढायच्या की पट्टी लावून रेघ मारावी. आणि वेणी घालता घालता, मुलीच्या पाठीमागून, हळू आवाजात:

"तुह्या मायचा फोन आलता. म्हणे, विहिरीले पाणी लागलं. लहाना तुह्यासाठी रडला म्हणे, मंग त्याले तुही जुनी पाटी देल्ली तं खेळत बसला."

मुलीचे खांदे सैल पडायचे. मुलगी कितीही हट्टी असो, उपाशी बसलेली असो, निरोप ऐकला की उठून जेवायला जायची. निरोप सांगताना शशीताईंचा आवाजही थोडा बदलायचा. नक्कल नव्हे. पण त्या मुलीची आई जशी थांबत थांबत किंवा भरभर बोलत असेल तशी चाल त्यात यायची. मी समोरच्या खांबाला टेकून वह्या तपासायची आणि मनात म्हणायची, या बाईला मुलांचं मन किती कळतं.

मलाही निरोप आला होता. नोकरीला लागून दोन महिने झाले होते. तापाने पडले होते, खोलीत एकटी. शशीताई पेज घेऊन आल्या, माझ्या उशामागे उभ्या राहिल्या.

"तुमच्या अब्बांचा फोन आलता. म्हणे, शबानाला सांगा, तिची खोली तशीच ठेवलीय. तिची खुर्ची कोणाले बसू देत नाही मी."

माझे अब्बा असं कधी बोललेले नव्हते. ग्रीसने माखलेले हात, दिवसभर स्पॅनर, घरी आले की टीव्हीवर बातम्या. माझ्या नोकरीवर ते नाराज होते. मी पेज प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडले.

ईदला घरी गेले तेव्हा मी अम्मीला म्हणाले, अब्बांनी फोन केला ते बरं वाटलं. अम्मी म्हणाली, "कोणता फोन? त्यांनी तुझ्या शाळेचा नंबरसुद्धा घेतला नाही अजून." माझ्या खोलीत गॅरेजचं सामान रचलेलं होतं. खुर्चीवर टायरच्या ट्यूब होत्या.

परत आल्यावर मी शशीताईंना विचारलं. त्या तेव्हा तांदूळ निवडत होत्या. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"म्हणाले नसतील," त्या म्हणाल्या. "पण मनात असंल ना. मनातलं कोणी सांगत नाही, मॅडम. मंग कोणीतरी सांगावं लागते."

"म्हणजे मुलींचे निरोपही..."

"काही खरे असतात. फोन येतातच. पण दीडशे पोरी. कोणाचा बाप तीन तीन महिने फोन करत नाही. त्या पोरीनं मंग काय करायचं? बाजूचीले निरोप आला, आपल्याले नाही आला, म्हणून पांघरुणात रडायचं?" त्यांनी खडा उचलून बाजूला टाकला. "तुमचा ताप उतरला होता ना त्या दिवशी?"

उतरला होता. मी हेडसरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर कितीतरी दिवस, त्या माझ्या खोलीवरून जाताना थांबल्या की मला वाटायचं, काहीतरी सांगतील. खोटं आहे हे माहीत असूनही मी कान देऊन असायची.

त्यांच्या स्वतःच्या घरचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वेगवेगळं. स्वयंपाकाच्या बाईला त्यांनी सांगितलं होतं की नवरा राजूरच्या कोळसा खाणीत होता, तिथेच गेला. हेडसरांना वाटायचं त्यांचा मुलगा सैन्यात आहे. मला त्या म्हणाल्या होत्या, तुमच्याच वयाची लेक आहे, नागपूरला बँकेत. दिवाळीच्या सुट्टीत सगळी शाळा रिकामी व्हायची तेव्हा त्या वसतिगृहातच राहायच्या.

त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सहावीत दुर्गा नावाची बारकीशी मुलगी होती, झरीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. तिला पावसाळाभर निरोप यायचे की घरच्या बकरीला दोन पिल्लं झाली, त्यातलं एक काळं, कपाळावर पांढरा ठिपका, सारखं उड्या मारतं, तुझ्या नावाने ठेवलंय. सुट्टी संपवून दुर्गा परत आली आणि वेणीला बसल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, आमच्या घरी बकरीच नाही."

 शशीताईंचा हात थांबला नाही. "इकली असंल तुह्या माय नं. तुले वाईट वाटंल म्हणून सांगितलं नसंल. मायले विचारलं का तू?"

"विचारलं. माय म्हणे, कोणती बकरी?"

"पाय, म्हणजे लपवून राह्यली ती. तू काही बोलू नको आता. मायचा जीव दुखते."

दुर्गा गप्प बसली. आठवडाभराने विज्ञानाच्या तासाला मी प्राण्यांबद्दल शिकवत होते तर ती हात वर करून उभी राहिली. "मॅडम, आमच्याकडे होतं बकरीचं पिल्लू. मी पायलं ते. सुट्टीत. माह्या हातातून पाला खाल्ला त्यानं. मंग माय नं इकलं." तिने पिल्लू किती मोठं होतं ते हाताने दाखवलं. कपाळावर ठिपका कुठे होता तिथे स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला ते आठवत होतं. 

निकिता अशी नव्हती. मी आले तेव्हा ती नववीत होती. उमरखेडकडची, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची. तिची आत्या पूर्वी मुकुटबनला राहायची म्हणून इथे घातलेली, मग आत्या निघून गेली आणि निकिता राहिली. घरी सोयाबीन-तुरीचं शेत, आईवडील आणि ती, एवढंच. अंतर लांब, त्यामुळे भेटीच्या रविवारी तिच्याकडे कुणी येऊ शकायचं नाही. तिच्या आईचे फोन मात्र खरोखर यायचे, हे मला माहीत होतं. गणितात हुशार. फळ्यावर सूत्र लिहिलं की मागून शांतपणे विचारायची, "काहून, मॅडम?" आणि कारण पटेपर्यंत वहीत उतरवायची नाही. ती मला फार आवडायची.

एकदा गणिताची वही द्यायला ती खोलीवर आली आणि जाता जाता म्हणाली, "मॅडम, तुम्हाले येतात का ताईंचे निरोप?"

"आला होता एकदा."

"खरा होता?"

मी तिच्याकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाजूच्या खोलीत शशीताई होत्या की नव्हत्या, सांगता येत नव्हतं. त्यांचा आवाज कधी येतच नसे. मी म्हणाले, "तू असल्या गोष्टींत डोकं घालू नको. दहावी जवळ आलीय." तिने मान हलवली आणि गेली.

पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा सुरू झाली. केंद्र मुकुटबनला होतं. शाळेच्या जीपमधून मुलींना नेणं-आणणं माझ्याकडे होतं. इंग्रजीच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी ऑफिसात बसून हॉल तिकिटं लावत होते. मागून शब्द आले.

"निकिताची माय गेली."

मी वळले. शशीताई दाराशी उभ्या होत्या, पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"ताप डोक्यात चढला म्हणे. उमरखेडहून नांदेडले नेलं होतं. आता बापाचा फोन आलता. म्हणे, पोरीले सांगू नका. तिनं दहावी पास व्हावं हेच तिच्या मायच्या तोंडात होतं शेवटपर्यंत. पेपर झाले की मी न्यायले येतो म्हणे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, पेपर होईस्तोवर तिची माय माह्यापाशी आहे."

 मी म्हणाले, "ताई, तिला सांगायला हवं. निदान शेवटचं तरी पाहू द्यायला हवं."

"आज सकाळीच जाळलं. आता पाहण्यासारखं काही नाही राह्यलं, मॅडम. परीक्षा तेवढी राह्यली."

आम्ही हेडसरांकडे गेलो. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले आणि म्हणाले, वडिलांचीच इच्छा आहे तर आपण मध्ये पडणारे कोण. तिघांनी ठरवलं. म्हणजे त्या दोघांनी ठरवलं आणि मी गप्प राहिले. आजवर मी स्वतःला सांगत आले की गप्प राहणं म्हणजे ठरवणं नव्हे. ते मला स्वतःलाही पटलेलं नाही.

मग त्या संध्याकाळी सुरू झाल्या. बारा संध्याकाळी. मुली रांगेने बसायच्या, निकिताची पाळी आली की ती पायरीखाली येऊन बसायची आणि मी समोरच्या खांबाला टेकलेली असायची, कारण रोजची जागा सोडली तर तिला संशय येईल अशी मला भीती.

"तुह्या मायचा फोन आलता. म्हणे, गणिताचा पेपर आहे, घाबरू नको म्हणावं. पोटभर जेवत जाय म्हणे."

दुसऱ्या दिवशी: "माय म्हणे, माह्यी आठवण काढत बसू नको. मी बरी आहे."

शशीताईंना फक्त तिची पाठ दिसत होती. चेहरा मला दिसत होता. निकिता माझ्याकडे पाहत असायची. रडकी नाही, रागावलेली नाही. फळ्यावरच्या सूत्राकडे पाहावं तशी ती माझ्याकडे सरळ पाहायची, निरोप संपेपर्यंत. मी वहीत मान घालायची. लाल पेनने बरोबर उत्तरावर चूक अशी खूण करून बसायची आणि पुन्हा खोडायची.

जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. एकदा, विज्ञानाच्या पेपरला जाताना, रस्त्यावर कापसाची गाडी आडवी लागली म्हणून आम्ही थांबलो होतो. तिने मला विचारलं, "मॅडम, मायचा फोन तुम्ही घेतला का कधी?"

"नाही. ताईच घेतात."

"काल आलता तवा तुम्ही होत्या का तिथं?"

तिथेच, त्या क्षणी मी सांगू शकले असते. मी म्हणाले, "हो. मी होते. तुझी आई बरी आहे."

हे मला शशीताईंनी सांगायला सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. निकिताने खिडकीबाहेर तोंड वळवलं. पेपरला उतरताना तिने माझा हात धरला नाही, एरवी धरायची.

शेवटचा पेपर भूगोलाचा. दुपारी आम्ही परत आलो. वडील चार वाजता येणार होते. हेडसरांनी ठरवलं होतं की वडीलच तिला ऑफिसात बसवून सांगतील. बाकीच्या दहावीच्या मुली पेट्या भरत होत्या, हसत होत्या. निकिताने आंघोळ केली, ओले केस पुसले आणि वेणीची वेळ झालेली नसताना व्हरांड्यात आली. शशीताई पायरीवर एकट्याच बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर पाठ करून बसली. मी खांबापाशी होते.

"आज माय काय म्हणाली?" तिने विचारलं.

शशीताईंनी फणी हातात घेतली. "म्हणे, सुटली बाप्पा परीक्षा. वाट पाहून राह्यली ती तुही. म्हणे, आली की दोन दिवस झोपू देईन तुले, उठवणार नाही."

"अजून?"

"म्हणे, तुह्यासाठी नवीन ड्रेस आणला. निळा."

एक वेणी घालून झाली. तेवढ्यात फाटकाशी माणूस दिसला. हातात टोपी, अंगात पांढरा सदरा, डोक्याचा पूर्ण गोटा. उन्हात ते डोकं चमकत होतं. तो फाटकातच थांबला, आत यावं की नाही हे न कळल्यासारखा. मला दिसला, निकिताला दिसला, आणि शशीताई फाटकाकडेच तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे त्यांनाही दिसलाच होता.

निकिता हलली नाही. म्हणाली, "ताई, आता पुरे करा. माय कोणत्या दिवशी गेली तेवढं सांगा."

मला वाटलं, आता त्या फणी खाली ठेवतील. तिला जवळ घेतील, रडतील. शशीताईंनी दुसऱ्या वेणीसाठी केसांचे तीन भाग केले. त्यांची नजर त्या गोटा केलेल्या माणसावर होती आणि आवाज तोच, हळू, पाठीमागून येणारा.

"असं बोलू नाही, बेटा. बरी आहे तुही माय. तुह्या बापाले पाठवलं ना तिनं न्यायले. म्हणे, मी घरीच थांबतो, सैपाक करून ठेवतो. पाय, आला बाप."

व्हरांड्यातल्या मुली पेट्या सोडून बघत होत्या.  शशीताई सांगतच राहिल्या: आईने काय रांधलं, अंगण कसं सारवलं. त्या थांबत नव्हत्या. मला वाटतं त्यांना थांबता येत नव्हतं. शेवटी निकिताने हात मागे नेऊन त्यांच्या बोटांतून आपले केस सोडवून घेतले. एक वेणी घातलेली, दुसरा भाग मोकळा, अशीच उठली. माझ्यापाशी क्षणभर थांबली.

"त्यायचं मले माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगता असं वाटे."

आणि फाटकाकडे चालत गेली. बापाने तिला पाहून टोपी तोंडावर धरली. मागे पायरीवर शशीताईंचे ओठ अजून हलत होते.

त्यानंतर कुठल्याही चौकशीची वेळ आली नाही. मुलींनी घरी जाऊन सांगितलं, काही पालकांनी हेडसरांना जाब विचारला, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शशीताई एक दिवस निघून गेल्या. किल्ल्यांचा जुडगा ऑफिसच्या टेबलावर ठेवला होता. खोली झाडून पुसून लख्ख. भिंतीला एक खिळासुद्धा नाही. इतकी वर्षं तिथे कुणी राहत होतं यावर विश्वास बसू नये. फाईलमधला पत्ता राजूरचा होता. मी वणीला जाता येता तिथे चौकशी केली. त्या घरात दुसरंच कुटुंब तीस वर्षांपासून राहत होतं. आवारी नावाचं कुणी त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

जूनमध्ये वसतिगृहाचं काम तात्पुरतं माझ्याकडे आलं. पहिल्याच संध्याकाळी लहान मुली केस मोकळे सोडून व्हरांड्यात रांगेने येऊन बसल्या. मी म्हणाले, आजपासून वेण्या आपापल्या घाला. त्या बसूनच राहिल्या. शेवटी दुर्गा म्हणाली, "मॅडम, निरोप?"

मी सांगितलं की आज कुणाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पाचवीतली नवी मुलगी दिवसभर जेवली नाही. मी तिच्या मागे बसले, तिचे केस हातात घेतले, आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या आईचा फोन आला होता." पुढचं सगळं आपोआप आलं. दारातलं फुललेलं झाड, आजीने विचारलेली खुशाली. तिचे खांदे माझ्या हाताखाली सैल पडले. किती गोड वाटलं मला ते. त्या गोडीचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी हेडसरांपुढे बसून ठरवून घेतलं की दर रविवारी प्रत्येक मुलीने स्वतः घरी बोलायचं, माझा मोबाईल टाकीजवळ न्यायचा, रांग लावायची. पुष्कळ मुली रडल्या. काहींच्या घरी कुणी फोन उचललाच नाही. पण जे कानावर पडलं ते त्यांच्या घरचं होतं.

निकिता मला सात-आठ वर्षांनी भेटली. मी एका प्रशिक्षणासाठी उमरखेडला गेले होते. ती तिथून जवळच्या गावात नर्स होती. बसस्टँडवर तिनेच मला ओळखलं, हॉटेलात चहाला नेलं. मी धीर करून माफी मागितली. तिने ती घेतली की नाही हे मला कळलं नाही. म्हणाली, "तुम्हाले सांगू मॅडम? निरोप खोटे असतात हे मले सातवीपासून माहीत होतं. माय फोनवर काय बोलली ते मी सुट्टीत विचारून पाहत होतो, आन् ताई भलतंच सांगे. पण ताई सांगे तवा तिचा हात कधी अडखळत नव्हता. मस्त सरळ भांग. इंग्रजीच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी तिनं माह्या केसांत फणी घातली आन् भांग वाकडा पडला. पुसून पुन्हा काढला, तरी वाकडा. तवाच मले समजलं."

"मग तू बोलली का नाहीस? बारा दिवस..."

तिने चहाचा कप बशीत ठेवला. "मी बोलली असती तं माय त्याच दिवशी मेली असती. मी रोज स्वतः जाऊन बसत होतो, मॅडम. मले कोणी बसवत नव्हतं." मग म्हणाली, "तुमच्यावर राग होता. तिच्यावर नाही करता आला मले."

तिची बस लागली. ती गेली. आम्ही नंतर भेटलो नाही.

शशीताईंना मात्र मी आणखी एकदा पाहिलं. गेल्या वर्षीची गोष्ट. यवतमाळहून वणीला परतत होते. पांढरकवड्याला बस थांबली होती. दुपारची वेळ, खिडकीची काच अडकलेली, बाहेर उन्हात बाकावर एक म्हातारा शेतकरी बसला होता, मांडीवर कापडी पिशवी, चेहरा काळजीने आंबलेला. त्याच्या शेजारी शशीताई. खूप वाळल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, साडी तशीच फिकी. त्या समोर पाहत त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. म्हाताऱ्याने मान वळवली. ऐकता ऐकता त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या. त्याने काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. त्याचं बोळकं तोंड हसलं आणि त्याने दोन्ही हात जोडले.

तेवढ्यात त्यांची नजर वर आली आणि माझ्यावर स्थिरावली. त्यांनी मला ओळखलं. काचेपलीकडून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचं बोलणं चालूच राहिलं. शब्द मला ऐकू येत नव्हते. मला वाटलं, उतरावं, त्या म्हाताऱ्याला विचारावं, बाबा, तुमचं कोण कुठे आहे, या बाई तुम्हाला काय सांगतायत. कंडक्टर अजून खालीच तंबाखू मळत होता. मला पुरेसा वेळ होता.

म्हातारा हसत होता. मी जागेवरून उठले नाही. कंडक्टर चढला, त्याने घंटी मारली, आणि बस वणीच्या रस्त्याला लागली.